मागच्या तांबड्या बत्तीबद्दल मिस्त्रीचा दुसरा जबाब

पोलीस ठाणे बारामती. दिनांक २९ ऑक्टोबर १९३६, गुरुवार, सकाळी साडेनऊ.

नाव दत्तोबा रामहरी भापकर, वय वर्षे सदतीस, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार बारामती, इंदापूर रस्त्यावरील पत्र्याची शेड. समक्ष हजर होऊन सांगतो की, आज मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायांनी आलो आहे. मंगळवारी याच टेबलापुढे मी एक जबाब दिला. तो चुकीचा निघाला, म्हणून हा दुसरा देत आहे.

मी बारा वर्षे मोटारी दुरुस्त करतो. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मोटारीच्या तारांचे काम माझ्याइतके दुसऱ्या कोणास येत नाही. ही बढाई नव्हे, कोणाही मोटारवाल्यास विचारावे. आजच्या जबाबानेही त्यात फरक पडत नाही.

उसाचे बागायतदार आबासाहेब यांची एक लॉरी आहे आणि तिच्यामागे उसासाठी जोडलेला दोन चाकी ट्रेलर आहे. ड्रायव्हर बिरू सिद्धू कोकरे, वय चोवीस, राहणार पणदरे. त्याचा बाप मेंढरे राखत असे. बिरू तीन वर्षे लॉरी चालवतो. सध्या तो याच ठाण्याच्या कोठडीत आहे.

खंडेनवमीच्या पूजेसाठी आबासाहेबांनी ट्रेलरला हिरव्या रंगाचे दोन हात दिले. सोमवारी, २६ तारखेस, दुपारी एकच्या सुमारास ते स्वतः लॉरी आणि ट्रेलर घेऊन बिरूसह माझ्या शेडवर आले. रंग अजून हाताला चिकटत होता. म्हणाले, "मिस्त्री, मागची तांबडी बत्ती बघून द्या. आन् ह्या जोडाचा खडखडाट तेवढा थांबवा, नवा रंग उडतोय. ट्रेलरला कुठं ओरखडा न्हाय आला पायजे."

लॉरी व ट्रेलर यांचा जोड म्हणजे दोन लोखंडी कड्या आणि त्यांतून जाणारी जाड खीळ. मी खिळीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आणि कड्यांच्या मध्ये, वर व खाली रबराच्या चकत्या घातल्या. लोखंडाला लोखंड कुठेही लागेना. खडखड बंद झाली. आबासाहेब खूश झाले. मीही झालो.

मग बत्ती तपासली. त्यासाठी माझा टेस्टर आहे, तो मी स्वतः केलेला आहे. बांबूच्या नळीत बसवलेला छोटा बल्ब, त्याला दोन तारा. एकीच्या टोकाला दाभण, दुसरीच्या टोकाला चिमटा. दाभण बत्तीच्या तारेत टोचायचे, चिमटा उघड्या लोखंडाला लावायचा. तारेत वीज असेल तर नळीतला बल्ब लागतो. पुण्याच्या दुकानात विकतचा मिळतो, तो मी पाहिला आहे. माझा त्याहून बरा आहे.

ट्रेलरचे लोखंड रंगाने झाकलेले होते आणि खरवडायचे नव्हते. म्हणून चिमटा मी लॉरीच्या लोखंडाला लावला. तार लांब असल्याने पुरली. बत्तीचे बटण दाबून ट्रेलरच्या मागच्या टोकाला दाभण टोचले. टेस्टर लागला. बत्तीचा बल्ब वेगळा काढून बॅटरीवर धरला, तोही लागला. तार चांगली, बल्ब चांगला, म्हणजे बत्ती चांगली असा हिशेब करून मी बटण बंद केले, बल्ब बसवला, तांबडी काच लावली आणि गाडी सोडली.

पुढचे मी पाहिलेले नाही, ऐकलेले सांगतो. दिवेलागणीनंतर बिरू इंदापूरकडून रिकामा ट्रेलर घेऊन येत होता. कालव्याच्या पुलाजवळ बैलगाड्या आडव्या आल्या म्हणून तो थांबला. मागून येणारी उतारूंची सर्व्हिस मोटार ट्रेलरच्या डाव्या कोपऱ्यावर आदळली. मोटारीत पुढे बसलेल्या प्रयागबाई, राहणार पणदरे, इंदापूरला भाजी विकून घरी निघाल्या होत्या. त्यांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला; त्या येथील दवाखान्यात आहेत. सर्व्हिसचा ड्रायव्हर म्हणाला की मागे बत्ती नव्हती. बिरू म्हणाला की बटण दाबलेले होते.

मंगळवारी मला विचारले तेव्हा मी सांगितले की बत्ती मी तपासली होती, ती ठीक होती, बिरूने बटण दाबले नसेल. आणि असेही सांगितले की, "मेंढरांमागचा माणूस, त्याला बटणाची सवय कुठली." त्यावरून बिरूला कोठडीत घातले व त्याचे लायसन जप्त केले. कोर्टात दोषी ठरला तर लायसन कायमचे जाईल, असे फौजदारसाहेब त्याला माझ्यासमोर म्हणाले. मी ऐकून घरी गेलो आणि जेवलो.

काल बुधवारी सकाळी बिरूची बायको म्हाळसा पणदऱ्याहून चालत शेडवर आली. म्हणाली, "दादा, ते बटण दाबलं म्हणत्यात. ते खोटं बोलणारं न्हाईत. तुमी एकडाव गाडी बघायला चला." मी म्हणालो, "चल, तुझ्या डोळ्यांनीच बघ." तिची समजूत घालावी एवढाच माझा विचार होता.

लॉरी व ट्रेलर ठाण्याच्या आवारात जोडलेल्याच स्थितीत उभे आहेत. बत्ती उजव्या कोपऱ्यावर असल्याने शाबूत आहे. हवालदारांची परवानगी घेऊन मी बटण दाबले, चिमटा लॉरीला लावला, मागे जाऊन दाभण टोचले. टेस्टर लागला. मी म्हणालो, "बघ. मी काय खोटं सांगतोय व्हय?"

म्हाळसाने माझ्या हाताकडे पाहिले, मग ट्रेलरकडे पाहिले. म्हणाली, "ह्यो तुमच्या हातातला लागला. गाडीचा कुठं लागलाय?"

मी तांबडी काच काढली. आतला बल्ब विझलेला होता. मी पुन्हा टोचले. माझा लागला, गाडीचा लागला नाही. मी तारेवर बोट ठेवत जोडापर्यंत आलो आणि तिथले रबर दिसले.

कारण असे. वीज तारेतून बत्तीपर्यंत जाते आणि लोखंडातून बॅटरीकडे परत येते. ट्रेलरच्या बत्तीला परतीची वाट त्या जोडावरूनच आहे, आणि ती मी रबर घालून बंद केली होती. माझा चिमटा लॉरीला असल्याने टेस्टरला जोडाची गरजच पडली नाही, म्हणून तो लागला. हवालदारांसमोर मी जोडाच्या दोन्ही बाजूंचा रंग खरवडून मध्ये लोखंडी पाना आडवा धरला. बत्ती लागली. पाना काढला, विझली. असे तीन वेळा करून दाखवले. रबर तसेच ठेवले आहे, ते पंचनाम्यात घ्यावे.

म्हाळसा एवढेच म्हणाली, "मंग आता लिवून द्या."

फौजदारसाहेबांनी विचारले की हा जबाब दिल्यास दोष तुझ्यावर येतो हे कळते काय. कळते. कोणी धाक किंवा लालूच दाखवली काय. नाही. आबासाहेब काल संध्याकाळी येऊन म्हणाले, "गप ऱ्हावा मिस्त्री, न्हायतर तुमच्या शेडवर कुत्रं फिरकणार न्हाय." फिरकेल. मोटार बंद पडली की माणूस ज्याला काम येते त्याच्याकडेच येतो.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी मंगळवारी सांगितली नाही. विसरलो होतो म्हणून नव्हे. सोमवारी गाडी सोडताना बिरूने मला विचारले होते, "मिस्त्री, एकडाव बटण दाबून मागं बघू का?" त्याला मी चार माणसांत म्हणालो, "माझं काम तपासायला तू कवापासनं शिकलास?" तो खाली मान घालून लॉरीत बसला. त्याने बघितले असते तर प्रयागबाईंचा हात शाबूत राहिला असता. मला या गोष्टीची लाज वाटते. हा शब्द जबाबात बसत नाही असे फौजदारसाहेब म्हणाले, तरी मी तो लिहून घेण्यास सांगितले आहे.

मेंढरांबद्दलचे वाक्य पहिल्या जबाबातून खोडावे अशी मी विनंती केली. लिहिलेला जबाब खोडता येत नाही असे कळले. तर त्याखाली लिहावे की बिरू सिद्धू कोकरे यास बटणाची सवय आहे, आणि त्या दिवशी शेडवर शहाणा असा तो एकटाच होता.

वरील मजकूर माझ्या सांगण्यावरून टेबलापाशी न वाचता कोठडीच्या दारापाशी नेऊन मोठ्याने वाचण्यात आला. मी उभा राहून ऐकला, बिरूने आतून ऐकला. मी सांगितले तसाच तो आहे. वाचून झाल्यावर बिरू म्हणाला, "प्रयागआत्याला बी सांगा. माझ्याच गावची हाय, मीच हात मोडला म्हणून बसली आसंल." या कागदाची नक्कल मागितली, ती मिळत नाही. म्हणून येथे सही करून मी तोंडाने सांगण्यास दवाखान्यात जात आहे.

सही : दत्तोबा रामहरी भापकर