तीस मीटर

— नाही, तो नळ नका सोडू. सोडलात तरी काही यायचं नाही, नुसती हवा येईल फुस्स करून. अकरा वाजता टँकर येतो, मग वरची टाकी भरते, मग येतं. बसा ना. इकडे बसा, त्या खुर्चीचा पाय हलतो. ब्रोकरने काय सांगितलंय — चोवीस तास पाणी? हां, त्याच्या कागदावर तसं छापलेलंच आहे. येतं हो, येतं... टँकरचं येतं. बाल्कनी बघितलीत? पूर्वेची आहे. पलीकडे ते खांब उभे राहतायत ना, ती मेट्रो. दोन-तीन वर्षांत गुडगावपर्यंत येईल म्हणतात. चहा घेणार? चहापुरतं पाणी आहे, बिल्कुल आहे, संकोच करू नका.

नोकरी? होती ना, आता रिटायर. पाण्यावरच होती — हसू नका — पाणी आणि शेती, संशोधनाची संस्था, आंतरराष्ट्रीय. हेड ऑफिस परदेशात, दिल्लीत आमचा एक बंगला, बाहेर निळी पाटी. एक्याण्णवनंतर बाहेरचा पैसा मोकळा झाला आणि एकदम प्रोजेक्टच प्रोजेक्ट. पाण्यावर काम करणारे आम्ही, आणि मीटिंगला प्रत्येकापुढे पाण्याची सीलबंद बाटली! मी साइंटिस्ट नव्हतो. मी आकडे गोळा करायचो. गावागावांतल्या ठरलेल्या विहिरी, त्यांत पाणी किती खोल आहे ते दर महिन्याला मोजायचं, फॉर्मवर चढवायचं, कॉम्प्युटरला द्यायचं. तेवढंच काम. गुडगाव तेव्हा हे असं नव्हतं, यार. ही सोसायटी उभी आहे ना, इथे सगळा गहू होता. चौधरींचं शेत. आणि त्यांची विहीर आमच्या यादीत होती, बावीस नंबरची. आता कुठे आहे? खाली, बेसमेंटला. तुम्ही गाडी लावलीत त्याच्या दोन खांब पुढे. वर स्लॅब टाकलाय.

मोजायचं कसं, सांगू? सोपं असतं. पोलादी टेप असतो, त्याच्या शेवटच्या मीटरभराला खडू फासायचा आणि विहिरीत सोडायचा. वर काढला की जिथवर खडू ओला, तिथवर पाणी. वजाबाकी केली की झालं. हे करायला आमच्याकडे हणमंतराव होते. खटावकडचे, फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेले, दिल्लीतच राहिलेले. त्यांची शेवंता आणि आमची अरुणा — हळदीकुंकवाला एकमेकींशिवाय पान हलायचं नाही. हणमंतराव म्हणजे काय सांगू, उन्हात उभे राहून टेप तीनदा सोडायचे. मी म्हणायचो, अहो एकदा पुरे. ते म्हणायचे, साहेब, लिहायचं तर बघून लिहायचं.

तर अठ्ठ्याण्णवच्या मेमध्ये टेप कोरडा आला. खडू पांढराच्या पांढरा. टेप होता तीस मीटरचा, आणि पाणी त्याच्याखाली गेलेलं. किती खाली, कोण सांगणार? हणमंतरावांनी फॉर्मवर लिहिलं — टेप कोरडा. बरोबरच लिहिलं. पण कॉम्प्युटरला शब्द चालत नव्हता, आकडा पाहिजे. रकाना मोकळा सोडला तर विहीर यादीतून जाणार, आणि त्या गावात आम्ही पाणी जिरवायला तळी खोदली होती, त्यांचा पुरावा म्हणजे तीच विहीर. मग मी म्हटलं, हणमंतराव, तीस लिहा. लांब टेप मागवलाय, येईपर्यंत तीस लिहा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. जूनला तीस. जुलैला तीस. तीन वर्षं तीस. टेप? नाही आला. म्हणजे मागवला होता, फॉर्म भरला होता... पाठवला नव्हता. पाठवला असता तर वरून विचारलं असतं ना, लांब टेप कशाला हवाय म्हणून.

आणि गंमत बघा. ग्राफ काढला की काय दिसणार — पाणी खाली जातंय, खाली जातंय, आणि अठ्ठ्याण्णवपासून रेघ सरळ. थांबलं! तळ्यांचा उपयोग झाला! साहेब लोक खूश. तो ग्राफ कुठल्या कुठल्या देशांत दाखवला त्यांनी. मला प्रमोशन मिळालं. आणि मी काय केलं — चौधरींनी जमीन विकली, इथे टॉवर होणार असं कळलं, तर सगळ्यांत आधी मी बुकिंग केलं. का म्हणजे? पाणी थांबलेलं होतं ना इथलं! खोटं वाटेल तुम्हाला, पण मीच लिहायला लावलेला आकडा, तीन वर्षं रोज बघून बघून मलाच खरा वाटायला लागला होता.

चहा गार होतोय. घ्या.

मग बाहेरून एक नवीन बाई आल्या तपासायला. त्यांच्याकडे लांब तारेचं यंत्र होतं, पाण्याला लागलं की वाजायचं. वाजलं एक्केचाळीस मीटरला. दुसऱ्या दिवशी मीटिंग. फॉर्म टेबलावर पसरलेले, सगळ्यांवर सही हणमंतरावांची. साहेबांनी विचारलं, ये किसने लिखा? हणमंतराव उठून उभे राहिले — सवय ती, फौजेतली — आणि माझ्याकडे बघितलं. बघत राहिले. थांबले होते हो ते माझ्यासाठी. मी काय करत होतो? मी समोरच्या बाटलीचं सील उघडत होतो. उघडत नव्हतं. मग ते म्हणाले, सर, मेरा साइन है. झालं. त्याच दिवशी काढलं त्यांना. माझं नाव घेतलं नाही, ना तिथे, ना नंतर. मला वाटलं होतं, आता मला खूप वाईट वाटेल. नाही वाटलं. घरी आलो, जेवलो. भेंडीची भाजी होती. अजूनही काही वाटत नाही, खरं सांगतो. कधीतरी येईल म्हणून वाट बघतो, पण येत नाही.

अरुणाला सांगितलं तेव्हा ती ताटं उचलत होती. ती घेऊन आत गेली. इथे राहायला आलो, वर्षभरात बोअर आटली, टँकर सुरू झाले, तेव्हा म्हणाली, मी चार दिवस मुलीकडे जाते नोएडाला. तीन वर्षं झाली. फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते. पण ती गेली ते पाण्यामुळे नाही. सोसायटीने नवीन सिक्युरिटी ठेवली, सगळी रिटायर फौजी माणसं, त्यानंतरच्या आठवड्यात गेली. गेटवर तुमच्या गाडीचा नंबर कोणी लिहून घेतला? पांढऱ्या मिशा, चष्मा दोरीला? हां. तेच. हणमंतराव. रोज मला सॅल्यूट करतात. अगदी पूर्ण, हात भुवईपर्यंत. मी मान हलवतो. टँकरचं रजिस्टरही तेच ठेवतात — किती आले, किती वाजता, टाकी किती भरून होती. कमी असेल तर कमी लिहितात, ड्रायव्हर भांडतात त्यांच्याशी. म्हणून विकायचाय हा फ्लॅट. पूर्वेची बाल्कनी वगैरे सोडा. हे मी ब्रोकरला सांगितलेलं नाही. अरुणा सोडून कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही मराठी बोललात म्हणून... असो. आता ऐकलंत सगळं. इथे खाली पाणी नाही, आणि ते परत येणार नाही. तुमच्या मिसेसना सांगा, लहान मूल आहे म्हणालात.

काय?

तरी घेताय? अच्छा. मेट्रो आली की भाव वाढेल, हो, वाढेल की. दोन वर्षांत विकून टाकणार. अच्छा. आणि पुढच्याला? पुढच्याला कशाला सांगायचं म्हणता... हां. त्याचं तो बघून घेईल. बरोबर आहे. प्रॅक्टिकल आहे.

म्हणजे तुम्हीही तीसच लिहिणार.

नाही, काही नाही, माझं मलाच म्हणालो. कप राहू दे तिथेच, आता धुता येणार नाही. रविवारी मिसेसना घेऊन येऊ नका. नाही, दुसरं कोणी गिऱ्हाईक नाही. नाही द्यायचा, बस्स. ब्रोकरला मी कळवतो. लिफ्ट उजव्या हाताला आहे. आणि हे बघा, गेटवर रजिस्टरमध्ये बाहेर पडायची वेळ लिहायला लावतील. खरी लिहा. ते घड्याळ बघतात.