धोंडूचा हात

घोडनदीत मी आता पाऊल टाकत नाही, राव. का ते सांगतो. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मंचरच्या बाजाराहून आम्ही चौघं परतत होतो. गावाखाली पूल नव्हता, म्हणून एकमेकांचे हात धरून पाण्यात उतरलो. पुढं गणपत, मग मी, माझ्यामागं गावात बांगड्या भरायला येणारा जुन्नरचा इस्माईलभाई आणि शेवटी गणपतचा धाकटा भाऊ धोंडू.

मध्यावर पाणी गणपतच्या छातीला लागलं. तो ओरडला, "माझं पाय टिकत न्हाईत! उंच माणूस पुढं घ्या!"

उंच एकटा इस्माईलभाई. पण तो पुढं गेला की धोंडू सुटणार. म्हणून माझ्याकडं मान करून तो म्हणाला, "धोंडू, आधी ह्याच्या कमरेचा पंचा धर, मगच माझा हात सोड."

"धरला!" म्हणत धोंडूनं हात सोडला. पंचा त्याच्या मुठीत आलाच नव्हता. इस्माईलभाईनं मागं झेप घेतली, तोवर धोंडू लांब वाहत गेला होता. मग इस्माईलभाई पुढं झाला आणि रडत रडत त्यानं आम्हा दोघांना काठाला लावलं.

घरी धोंडूच्या आईनं एवढंच विचारलं, "त्याचा हात कुणाच्या हातात व्हता?"

गणपत सांगू लागला, "आये, धोंडूनंच..."

इस्माईलभाईनं त्याला थांबवलं. "माझ्या हातात व्हता, आई."

म्हातारीनं त्याचा तो हात ओढून घेतला. लोकांनी खालच्या डोहातून धोंडूचा देह आणेपर्यंत तिनं तो सोडला नाही.