बुटांचे दोन जोड

इंद्रभान: तू बस शेकोटीपाशी, कचरू. तुहा नंबर अकरावा हाये.

कचरू: अकरावा कोनं केला?

इंद्रभान: कोनं म्हंजे? म्या. कॅप्टन कोन हाये?

कचरू: तू हायेस. म्हून तुलेच इचारून राह्यलो. काऊन केला?

इंद्रभान: अबे, आठ गडी गेले. बुलढान्यावाल्याईचे चौऱ्यान्नव, आपले एकाहत्तर. चोवीस पाह्यजेत. ही काय इचाराची वेळ हाये? तो पाह्य, पुंजाजी आऊट होऊन येऊन राह्यला. त्याच्या पायातले बूट काढून मले घालाचे हायेत.

कचरू: ते बूट मले दे. दहावा मी जातो.

भगवंतराव: इंद्रभान, पंच घड्याळाकडे पाहत आहेत. दोन मिनिटांत फलंदाज मैदानात हवा. वहीत नाव कोणाचे लिहू?

इंद्रभान: माह्यं लिहा, गुरुजी.

कचरू: थांबा, गुरुजी. त्या वहीत मागच्या मॅचीबी हायेत ना? अकरावं नाव कोनाचं हाये, पाहा बरं एकडाव.

भगवंतराव: आत्ता?

कचरू: आत्ताच.

भगवंतराव: अकरावा, कचरू, शून्य, नाबाद. अकरावा, कचरू, एक, नाबाद. हा मागच्या माघातला सामना. अकरावा कचरू, फलंदाजी मिळाली नाही. तीन वर्षांत नऊ सामने, आणि नऊही वेळा तूच.

कचरू: तीन वर्षांत मले कोनी आऊट करू शकलं नाही. रन किती केले तं सात.

इंद्रभान: बॉलर शेवटीच खेळते बे. त्याईचा तो कोर्टातला कारकून पाह्यला नाही? तोबी शेवटीच आला.

कचरू: त्याले बॅट धरता येत नाही. मी तुह्या बॉलिंगवर विहिरीपलीकडं मारतो. अन् बॉल विहिरीत पडला का तूच उतरतं, काऊन का मले उतरू देत नाहीत. तवा मी किती मारतो, हे तुह्याइतकं कोनाले ठाव नाही.

भगवंतराव: कचरू, तुझा मुद्दा काय आहे? वेळ थोडा आहे, स्पष्ट बोल.

कचरू: मुद्दा बुटाचा हाये, गुरुजी. मॅट बुलढान्याची, तिचे खिळे वर येतात, म्हून त्याईची अट, का बॅटिंग करनारानं बुटात यावं. साऱ्या गावात बूट दोन जोड. जो आऊट होते तो काढते, येनारा घालते. पुंजाजीच्या पायातला निवृत्तीच्या पायात, निवृत्तीच्या पायातला इंद्रभानच्या. समदे घालतात. फक्त माह्या पायातून निघालेला बूट घालाले कोनी उरू नये. म्हून मी अकरावा.

इंद्रभान: असं कोनी बोललं तुले?

कचरू: बोलाची गरज काय? मॅच झाली का एक जोड तुह्या घरात खुंटीले लागते. दुसरी, माह्या पायातली, गोठ्याच्या भिताडावर, आठ दिस उन्हात. मी रोज त्याच वाटेनं कामाले जातो, इंद्रभान. मले दिसते.

इंद्रभान: ते... माय ठेवते तिथं.

कचरू: अन् नंबर कोन लावते? तेबी मायच लावते?

भगवंतराव: नंबर तो सांगतो, कचरू, पण लिहितो मी. चौथीत तुम्हा दोघांना एका बस्करावर बसवणारा मास्तर मीच. त्याचा मला फार अभिमान होता. आणि नऊ वेळा तुझे नाव शेवटच्या ओळीत घालताना माझा हात एकदाही अडखळला नाही.

इंद्रभान: गुरुजी, ते मंग बोलू. एक मिनिट राह्यला. कचरू, माह्याकडं पाह्य. माहा बाप तिथं शेकोटीपाशी घोंगडी घेऊन बसला हाये. सारा गाव बसला हाये.

कचरू: हाव. म्हून तं आजच. सकाळी मी अनवानी बॉलिंग केली. दव असं होतं, का बोटं लाकडावानी झाल्ती. तरी पाच गडी घेतले. तवा तुह्या बापानंबी टाळ्या वाजवल्या. बॉल पुसाले फडकं नव्हतं, मी थुंकी लावून मांडीवर घासत होतो. तोच बॉल तू झेलला, पुंजाजीनं झेलला, समद्या गावाच्या हातात फिरला. त्यानं कोनी बाटलं नाही.

इंद्रभान: अन् मी नाही म्हनलो तं?

कचरू: तं तू जा दहावा. मी अकरावा येनार नाही. गुरुजी लिहितीन, एक गडी गैरहजर.

भगवंतराव: लिहीन. आणि त्यापुढे कारणही लिहीन.

इंद्रभान: म्हंजे तू गावाले हरवतं?

कचरू: गावानं मले तीन वर्षं खेळूच देलं नाही, तवा कोन हरलं? पाच वर्षांखाली धम्माची दीक्षा घेऊन आलो, तवा माय म्हने, आता कोनासमोर वाकाचं नाही. मी म्हनलो, हाव. अन् तीन वर्षं गुमान शेवटी बसत आलो. मायले काई सांगतलं नाही. आता लपवावं लागीन असं मी काई करनार नाही.

इंद्रभान: तुह्याशी कोनाचं भागत नाही बे. पुंजाजी, बूट इकडं दे. मले नाही. त्याले दे.

भगवंतराव: दहावा, कचरू. लिहिले.

कचरू: अन् अकरावा?

भगवंतराव: ती ओळ कोरी ठेवतो. ज्याची आहे त्यानेच येऊन नाव सांगावे.

(कचरू मैदानात जातो. टेबलापाशी भगवंतराव आणि इंद्रभान दोघेच उरतात. वारा वाढतो.)

इंद्रभान: निवृत्ती आऊट झाला तं बरं होईन, गुरुजी.

भगवंतराव: कर्णधार आपल्याच गड्याबद्दल असे बोलतो?

इंद्रभान: निवृत्तीच्या पायातली जोड येगळी हाये. तो गेला का मी त्याची घालीन. कचरूलेबी बोलाले जागा राहनार नाही, अन् बापालेबी.

भगवंतराव: म्हणजे प्रश्न सुटणार नाही, फक्त तुझ्या अंगावरून जाईल.

इंद्रभान: जाऊ द्या ना मंग. तुम्हाले काय, तुम्ही टेबलापाशी बसता. मले त्याच घरात जेवाचं हाये.

भगवंतराव: खरे आहे.

इंद्रभान: कचरूनं मारला. बोरीच्या पलीकडं गेला. चार.

भगवंतराव: चार. पंचाहत्तर.

इंद्रभान: पाह्यलं का? बॉल पडाच्या आधीच पाय मागं नेला. हे मी नाही शिकवलं त्याले.

भगवंतराव: कोणीच शिकवले नाही. शिकवायला तो आधी मैदानात उतरावा लागतो.

इंद्रभान: सातवीच्या परीक्षेले आम्ही दोघं मोताळ्याले पायी गेलो होतो, गुरुजी. चैत्रातलं ऊन. चपलेची जोड एकच होती, माही. अर्धी वाट त्यानं घातली, अर्धी वाट म्या.

भगवंतराव: हे मला माहीत नव्हते.

इंद्रभान: कोनालेच नाही. परत येताना गावाची शीव आली, तवा त्याच्या पायात होती. त्यानं आपनहून काढून देली. म्याबी घातली.

भगवंतराव: तेव्हा तुला काही वाटले नाही?

इंद्रभान: वाटेत पाहाले कोनी नव्हतं ना. ... दोन घेतले. पुन्हा दोन. अन् हे चार. निवृत्ती धापा टाकून राह्यला, हा पळूच राह्यला.

भगवंतराव: निवृत्तीचे तीन धरून शहाऐंशी. आता नऊ हवेत.

इंद्रभान: त्याईचा कॅप्टन लांब लांब मानसं उभी करून राह्यला. अकराव्या नंबरच्या मानसाले भेला तो. ... पुन्हा चार. अन् हा एक. एक्क्यान्नव, गुरुजी, लिहा.

भगवंतराव: लिहिले. सारखे हात चोळतो आहेस.

इंद्रभान: थंडी हाये.

भगवंतराव: शेकोटीपाशी जाऊन ये.

इंद्रभान: तिथं बाप हाये. ... उचलला त्यानं. लय वर गेला. सोडा रे. सोडा.

भगवंतराव: झेलला. कचरू झेलबाद, सतरा. नऊ बाद एक्क्यान्नव. चार हवेत.

इंद्रभान: निवृत्ती नाही, तोच गेला.

भगवंतराव: होय. तोच. हा आलाच.

कचरू: लेग साइडले कोनी उभं नाही. तो कारकून थकला हाये, बॉल आखूड पडून राह्यला. घाई करू नको.

इंद्रभान: चांगला खेळला बे.

कचरू: आऊट झालो. वहीत तसं लिहा, गुरुजी. पह्यल्यांदाच नाबाद नाही.

भगवंतराव: लिहिले आहे. बाद, सतरा.

कचरू: हे बूट काढले. खाली ठेवू का हातात देऊ?

इंद्रभान: बाप उठून उभा राह्यला.

कचरू: शेकोटी इझत आली असीन. बूट कुठं ठेवू, ते सांग.

भगवंतराव: इंद्रभान, पंच हात वर करून विचारत आहेत. अकराव्याचे नाव?

इंद्रभान: इंद्रभान अर्जुनराव. पुरं लिहा, बापाच्या नावासकट. अन् जरा मोठ्यानं वाचा.

भगवंतराव: अकरावा, इंद्रभान अर्जुनराव.

इंद्रभान: आन. हातात दे.

कचरू: घे.

इंद्रभान: आतून गरम हायेत बे.

कचरू: मंग? सकाळपासून तुह्या पायाले काई गरम लागलं होतं का?

इंद्रभान: नाही. आत्ता बोटं जागी झाली.

कचरू: डाव्याची नाडी दोन येढे घेऊन बांध. पळताना सुटते ती.