भिकाजीकाकांच्या कानाचा दावा

...म्हणे समुद्रापासून लांब ठेवा! आता देवबागेत लांब म्हणजे नेमकं कुठं, ते तुम्हीच सांगा. या पायरीवरून इकडे बघितलं की दर्या, तिकडे बघितलं की खाडी, मधे ही वाळूची पट्टी, तिच्यावर माड आणि आम्ही... आणि ती हॉलंडमधली कंपनी बसल्या जागेवरून सांगते, कानातलं मशीन खाऱ्या हवेनं बिघडलंय, आमची जबाबदारी नाही. चहा घ्या, निवतोय. पहिल्यापासून सांगतो तुम्हाला.

हे भिकाजीकाका आमचे शेजारी. उभा जन्म होडीवर गेला, इंजिनाच्या धडधडीशेजारी बसून बसून कान गेले, आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही, कारण दर्यावरचा माणूस बोलतो मोठ्यानंच, त्यात नवल कसलं? पत्ता लागला तो खाडीत. काका जाळं ओढत होते, मागून पर्यटकांची बोट आली, तिच्यावरचा महादू भोंगा वाजवतोय, घसा फोडतोय, आणि काका आपले शांत... बोट घासून गेली. महादूनं किनाऱ्यावर येऊन पाय धरले, "काकानू, किती साद घातलंय ओ..." काकांनी होडी वाळूवर ओढली ती ओढलीच. माझ्यापायी दुसऱ्याचा जीव जायचा, म्हणाले.

बरं, होडी सुटली ते एक वेळ सोसलं असतं. त्यांची लेक दिव्या आयर्लंडला नर्स, लग्न होऊन तिकडचीच झालेली, तिची मुलगी सृष्टी. दर रविवारी फोनवर समोरासमोर बोलणं. ऐकू येत नाही हे कबूल करायची लाज, म्हणून काकांनी एक युक्ती काढलेली... समोरचा काहीही बोलो, हसायचं आणि मान डोलवायची. सहा महिने खपलं. मग एकदा त्या पोरीनं तिच्या मोडक्या मालवणीत विचारलं, "आजोबा, तुमी माका विसारलात?" आणि काकांनी हसून मान डोलवली. पोर रडत उठून गेली. काकांना कळेना, झालं काय. सावित्रीकाकीनं कानाशी तोंड नेऊन सांगितलं, तेव्हा हा माणूस रात्री जेवला नाही.

दिव्यानं मग त्या कंपनीकडून मशीन मागवलं, मे महिन्यात आली तेव्हा स्वतः बापाच्या कानात बसवलं. काका काकीला विचारतात, "घरात कोण गुणगुणता गो?" बघतात तर फ्रिज! वीस वर्षांचा फ्रिज, त्याचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकलेला. आणि रविवारी सृष्टी त्यांना गोगलगायीची गोष्ट सांगायची, तुटक तुटक, अर्धी मालवणी, अर्धी तिच्या मनाची, आणि काका मधे मधे विचारायचे, "मगे? मगे काय झाला?" त्या दिवसांत काकांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

चतुर्थीला आरती चालू असताना मशीन शिटी मारायला लागलं आणि विसर्जनाच्या आत मुकं झालं. दिव्यानं कंपनीला कळवलं. उत्तर काय? म्हणे समुद्रापासून लांब ठेवायला हवं होतं.

पण पोरगी तांडेलाची, होडी हाकणाऱ्याची, ती कसली हटते! मी तिला म्हटलं, अगो, कंपनी हॉलंडात, तू आयर्लंडात, मशीन देवबागेत, भांडणार कुठल्या कोर्टात? तर म्हणते, "युरोपात गिऱ्हाइकाची सोय आसा. छोटो दावो. माल दुसऱ्या देशातलो असलो तरी मी रवतंय थयच्या कोर्टात अर्ज करूचो, वकील लागणा नाय." वकील लागत नाही! आमच्या घराकडच्या वाटेच्या दाव्यात वकिलाची तिसरी पिढी चालू आहे... असो. आधी तिनं ग्राहकांच्या मदत केंद्रामार्फत सांगून बघितलं, कंपनी बधली नाही. मग अर्ज घातला. कंपनीनं उत्तर दिलं, हे यंत्र मच्छीमाराने समुद्रात नेलं. जज्जबाई म्हणाल्या, मग त्या गृहस्थांनाच विचारू.

तर सुनावणीच्या दिवशी, तुम्ही बसलाय ना, तिथंच काका, धुतलेला सदरा घालून, शेजारी काकी, समोर माझा लॅपटॉप. पडद्यावर जज्जबाई, दिव्या, कंपनीचा एक नीटनेटका तरुण, आणि दुभाषा म्हणून कुणी मूळचे पुण्याचे गृहस्थ. त्यांनी विचारलं, "आपण सदर श्रवणयंत्र समुद्रात नेले होते काय?"

काका हसले आणि मान डोलवली.

मेलो, म्हटलं. कंपनीवाला ताठ बसला. दिव्यानं तोंडावर हात घेतला. काकी म्हणाली, "ओ, तेंका आयकाक येना नाय, ते सगळ्याकच होय म्हणतत." दुभाष्यांनी ते कसंबसं इंग्रजीत घातलं. जज्जबाई अगदी हळू काहीतरी म्हणाल्या. दुभाषे चाचरले, पण विचारलं, "आपण चंद्रावर राहता काय?"

काका हसले आणि मान डोलवली.

कुणी हसलं नाही हो. काकांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, त्यांना समजलं, आणि हसू असं विझत गेलं ना... मी लॅपटॉपकडे बघत बसलो, त्यांच्याकडे नाही. मग काकीनं कानाशी जाऊन खरा प्रश्न विचारला. काका सावकाश म्हणाले, "मिया ता दर्यात न्हेलंय नाय. होडी मी कधीच सोडलंय. वारो घरात येता, तेका कसो अडवू?"

मग दिव्यानं कंपनीची जाहिरात पुढं केली. तीत एक म्हातारा, कानात तेच मशीन, नातवाला खांद्यावर घेऊन... उभा कुठं? समुद्राच्या काठावर, पायांवर लाट! आणि आम्हाला म्हणे समुद्रापासून लांब ठेवा. जज्जबाईंनी कंपनीवाल्याला विचारलं, या जाहिरातीतल्या म्हाताऱ्याला तुम्ही हे सांगितलं होतं का? तो कागद चाळायला लागला.

निकाल दिव्याच्या बाजूनं लागला. तिकडच्या कोर्टाचा निकाल हॉलंडातही चालतो, कंपनीला भरपाई द्यावी लागली, दिव्यानं दुसऱ्या दुकानातून चांगलं मशीन घेऊन गावच्या माणसाबरोबर पाठवलं. पण या सगळ्यात वर्षाच्या वर गेलं, आणि त्या वर्षात काका रविवारी फोनसमोर आलेच नाहीत, पुन्हा पोर रडायला नको म्हणून.

गेल्या रविवारी बसले. सृष्टी आली. उंच झालेली, शाळेत जायला लागलेली. बोलली, भडाभडा बोलली, हातवारे करून, हसून... सगळं तिकडच्या इंग्रजीत. मालवणी पार पुसली गेलेली. आजोबा फोनवर नाहीत, आई ड्यूटीवर, घरात सगळं इंग्रजी, बोलणार कुणाशी होती ती? काका पुढं वाकून ऐकत राहिले. मान मात्र एकदाही डोलवली नाही.

फोन ठेवल्यावर काकीनं विचारलं, "आयकाक इला मां?"

"शब्द न् शब्द आयकलंय," काका म्हणाले. "कळाक एक नाय." मशीन काढून डबीत ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्येचो काय दोष नाय रे. आता दावो कोणावर घालूचो?"