आप्पांनी खोली निवडली

मंडळी, आज एकच विचारतो. माणूस ज्याच्यासाठी घराला कुलूप घालून निघतो, ते त्याच्या ध्यानात कुठवर राहतं हो? — हसू नका! पहिल्या रांगेतल्या काकू, कीर्तनाला आलात, आणि मघापासून नजर चपलांवर!

तर ऐका. कोल्हापुरात पिराजीराव सासने नावाचे गृहस्थ. सगळे आप्पा म्हणायचे. फुटबॉलचं भारी वेड! आपल्या तालमीच्या संघाची मॅच असली की आप्पा दुकान बंद करून मैदानात. आणि घरात कोण? पोटची पोरगी तनया — गोलकीपर! पण तिची मॅच? 'पोरींचं काय बघायचं' म्हणून एकही नाही! बोला आता!

तनयाचा संघ मडगावला फायनलला पोचला. पोरीचा फोन आला.

"आप्पा, ह्या येळंला तरी यायचं. माझ्या गोलच्या मागं बसायचं. तुमी दिसलासा की मला धीर येईल."

आप्पा विरघळले. "आलो बघ!" म्हणाले. बायकोला, आक्काताईंना घेतलं आणि सकाळीच मडगावात उतरले. मॅच दुपारी. आता खोली घ्यायची — इथंच घोडं अडलं!

मैदानासमोरच लॉज. रस्ता ओलांडला की गेट! आप्पा आत गेले आणि ताडकन बाहेर आले.

"काय झालं?"

"चादरी जांभळ्या हाईत!"

जांभळा म्हणजे समोरच्या पेठेच्या संघाचा रंग! त्या रंगावर आप्पा झोपणार? अहो, हा माणूस घरात वांगी शिजू देत नव्हता! — तबलजी, तुम्ही का खाली बघताय? तुमचंही असंच काही आहे वाटतं!

दुसरं हॉटेल. गादी दाबून बघितली. "कडक हाय." तिसरं. नळ सोडून बघितला. "पाणी कोमट हाय." चौथ्याला खिडकीतून भिंत दिसते म्हणे! अरे बाबा, तू भिंत बघायला आलायस का?

आक्काताई दमल्या. कोल्हापूरची बाई — तिकडं बायका 'जातो, येतो' म्हणतात, ठाऊक आहे ना? पदर खोचून म्हणाल्या, "तुमी गाद्या दाबा. मी जातो पोरीकडं." आणि गेल्या!

आप्पांना शेवटी मनासारखी खोली मिळाली. कुठं? पार समुद्राकाठी! मऊ गादी, कढत पाणी, खिडकीत नारळ. आप्पांनी आंघोळ केली आणि म्हणाले, "जरा पाठ टेकतो." मंडळी, या 'जरा'नं भल्याभल्यांचा जन्म खाल्लाय!

डोळा उघडला, तेव्हा ऊन कललेलं. आप्पा धडपडत उठले, रिक्षात बसले. "पळव बाबा, पळव!" मैदानाच्या गेटाशी पोचले आणि आतून एकच आरोळी उठली! आप्पा गर्दीत घुसले. बघतात तर पोरींनी एका पोरीला खांद्यावर घेतलंय. शेवटची पेनल्टी अडवली होती तिनं!

"कोण हो ती?"

शेजारचा म्हणाला, "कोल्हापूरची गोलकीपर!"

आप्पांच्या डोळ्यांना धारा लागल्या. छाती फुगली. "माझी पोरगी हाय ती! माझी!" लोकांनी वाट करून दिली. तनया धावत आली, मातीनं माखलेली, आईच्या गळ्यात पडली, मग आप्पांपुढं उभी राहिली. तोंडभर हसून म्हणाली, "आप्पा! गर्दीत दिसला न्हाईसा, पर शेवटची पेनल्टी बघितलासा? सांगा, मी कुठं झेप घेतली?"

आप्पांनी आक्काताईंकडं बघितलं. आक्काताई दुसरीकडं बघायला लागल्या. आता? आप्पांनी ठोकून दिलं, "उजवीकडं! काय झेप होती गं!"

पोरगी हातमोजे काढत होती. हात थांबला.

"आप्पा, मी झेप घेतलीच न्हाई. मधीच उभा राहिलो. बॉल छातीवर आला."

आणि पुन्हा हातमोजे काढायला लागली. भांडली नाही, रडली नाही. आप्पांना वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जिंकलेल्या पोरीचं तोंड बापानं उतरवलं, मंडळी!

आता आप्पांना हसलात तेवढं पुरे! तुम्ही-आम्ही काय करतोय? या जगात आलोय विठोबाला बघायला, आणि जन्म चाललाय गाद्या दाबण्यात! फरशी कुठली, खिडकी कुठली, शेजार कुठला! एक दिवस खोली सोडावी लागणार. तो विठोबा कमरेवरचा हात काढून, लाडानं, अगदी त्या पोरीसारखा विचारणार — "बघितलंस का रे, मी काय काय केलं तुझ्यासाठी?"

तेव्हा काय सांगणार? गरम पाणी छान होतं म्हणून?

टाळ उचला! काकू, चपला आहेत तिथंच आहेत — तोंडानं म्हणा, विठ्ठल!