पाटावरचा गोळा

वीणा : ...आणि ही बघा बाबा, आमची अबू धाबीची शस्त्रपूजा. संजयचा लॅपटॉप, मिहिकाची रॅकेट, माझी सुरी, आणि मधोमध हा!

प्रल्हाद : थांब. फोन मागे घे. पाटावर ते पितळी, टोकदार काय आहे?

वीणा : तोफेचा गोळा. संजयने शारजाहून आणलाय. घासल्यावर कसा लखलखतोय ना?

संजय : नमस्कार बाबा. दोनशे दिरहमला मिळाला, म्हणजे आपले पावणेपाच हजार. तुम्ही बत्तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढलीत, आता सासरेबुवांनीच ओळखायचा. ऑफिसमधला वासिफ आणि मी गूगल करून दमलो. अंगावर एक अक्षर नाही.

प्रल्हाद : अक्षर नाही कसं? रंगावर लिहिलेलं असतं.

वीणा : रंगाचे पोपडे होते, ते मी काढले. चिंच, मीठ आणि तारेची घासणी. देवाची भांडी घासतो तसा घासला.

प्रल्हाद : कुठला रंग होता?

वीणा : काळपट... हिरवट की निळा, आता काय सांगू? सिंकमधून वाहून गेला.

प्रल्हाद : अगं, त्या रंगातच सगळं होतं. भरलेला, सरावाचा की रिकामा. संजयराव, त्याच्या पोटाला आरपार भोक आहे का? शोभेच्या गोळ्याला पाडलेलं असतं.

संजय : भोक नाही. पण दुकानदार म्हणाला ना, हबीबी, एम्प्टी, खलास. काल पक्कडीने टोक फिरवून पाहिलं, हलतसुद्धा नाही. आता हातोडीने हलकेच...

प्रल्हाद : हात काढ! हात काढ तिथला, गाढवा!

संजय : बाबा, काय बोलताय?

प्रल्हाद : वीणा, मिहिकाला घे आणि बाहेर पड. चपला शोधत बसू नकोस. खालच्या मजल्यावर कोण राहतं?

वीणा : शहनाझ. तिची तीन लहान पोरं आहेत...

प्रल्हाद : त्यांनाही काढ. पळ! संजय, तू फोन घेऊन जिन्यात ये. दार ओढून घे.

संजय : आलो. झालं समाधान? सणाच्या दिवशी सगळ्या व्हिलात तमाशा.

प्रल्हाद : आता पोलिसांना फोन कर.

संजय : पोलिसांना? डोकं ठिकाणावर आहे ना? घरात तोफगोळा सापडला म्हणून मला आत टाकतील. नोकरी जाईल, व्हिसा जाईल, मिहिकाची बारावी अर्धवट राहील. चौदा वर्षांचा संसार दोन बॅगांत भरून निघायचं का?

प्रल्हाद : मग काय करणार आहेस?

संजय : तुम्ही नुसतं 'रिकामा आहे' एवढं म्हणा. टॉवेलात गुंडाळतो आणि अल ऐनच्या रस्त्याला वाळूत टाकून येतो. तुमच्यासारखा माणूस बघून सांगतोय म्हटल्यावर माझी भीती जाईल.

प्रल्हाद : एकदा म्हणालो होतो मी तसं.

संजय : म्हणजे?

प्रल्हाद : खंडेनवमी होती. मशिनं पुसून पूजा मांडायची होती, साहेब यायचे होते आणि बाकावर एक गोळा राहिला होता. असाच, रंग उडालेला. तपासणीला पाठवला तर बाक तास-दोन तास अडला असता. मी बोटाने टकटक वाजवला आणि खडूने फुली मारली. रिकामा. माझी फुली बघून शेजारी काम करणाऱ्या सुजीतने तो व्हाइसच्या पकडीत आवळला.

संजय : सुजीतकाका? ते तर मशीनच्या अपघातात...

प्रल्हाद : कमरेच्या वर सुजीत नव्हताच. छताच्या पत्र्याला जे चिकटलं होतं ते पाण्याच्या पाइपाने उतरवलं. पूजेच्या हारांत त्याचा जबडा सापडला, दातांसकट. मी उचलला, ह्या हातांनी. पेटी खिळे ठोकून घरी नेली. आभावहिनी नवऱ्याचं तोंड बघू द्या म्हणून पेटीवर मुठी मारत होत्या, आणि मी त्यांना सांगितलं, मशीन बिघडलं होतं.

संजय : चौकशी झाली असेल ना?

प्रल्हाद : फुली कोणी मारली हे विचारायला फुलीच उरली नव्हती. संजय, आत्ताही मला तो रिकामाच दिसतोय. तेव्हाही दिसला होता.

संजय : ...ठेवा फोन, बाबा.

प्रल्हाद : वाळूत नेऊ नकोस रे, पाया पडतो.

संजय : नाही नेत. ९९९ लावतोय.

(अडीच तासांनी, व्हिलासमोरच्या पार्किंगमधून.)

वीणा : बाबा, गोळा घेऊन गेले. संजयलाही जबाबासाठी नेलंय. पासपोर्ट मागितला. कधी सोडतील ते काही सांगत नाहीत. मिहिका नुसती रडतेय.

प्रल्हाद : कोणी हात उगारला का त्याच्यावर?

वीणा : नाही, नीट बोलले. त्यानेच फोन केला म्हणून असेल. चिलखत घातलेल्या अधिकाऱ्याला मी विचारलं, भरलेला आहे का? तो म्हणाला, एक्स-रे मशीनखाली घातल्याशिवाय सांगणार नाही. मी हात जोडले, अंदाजाने तरी सांगा. तर म्हणतो, मॅडम, ह्यात अंदाज सांगत नसतात.

प्रल्हाद : खरंय त्याचं.

वीणा : बाबा, तुमचा आवाज असा का येतोय?

प्रल्हाद : काही नाही. आभावहिनींचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?

वीणा : सुजीतकाकांच्या? आहे. पण आत्ता कशाला?

प्रल्हाद : त्यांना सुजीतबद्दल थोडं सांगायचं राहिलंय.