शिल्लक शून्य

हॅलो? … हॅलो, वच्छलाताई? … मीच जी, राखी. … राखी, राखी! … थांबा, आवाज तुटून राहिला तुमचा. खोक्यावर चढते.

राखी खोक्यावर चढली. आरोग्य केंद्रातल्या त्या औषधांच्या खोलीत रेंज यायची ती एकाच जागी, खिडकीच्या वरच्या गजापाशी. तिथवर कान न्यायचा तर पायाखाली काहीतरी हवंच. खुर्चीला चाकं होती, तिच्यावर एकदा चढून राखी चांगलीच आपटली होती. खोक्याची सुतळी अंगठ्यात अडकली, ती तिनं झटकली.

… हां, आता बोला. … जेवण कुठचं जी? अकरा वाजले, पेशंट उभे हाय. … अवं ऐका ना, काम हाय म्हणून लावला. सिकलसेलच्या कॅप्सूल पाहिजेत. … शून्य? … ते मलेही दिसते ताई, पोर्टलवर. मी पोर्टलवरचं नाई विचारून राहिली. तुमच्या खोलीतलं विचारून राहिली.

वच्छलाताई अठरा किलोमीटरवरच्या केंद्रात फार्मासिस्ट. वीस वर्षांची नोकरी, आणि त्यात शिकलेली एक गोष्ट पक्की: दुर्मीळ औषध साठ्याच्या सरकारी पोर्टलवर दाखवलं की वरून फोन येतो, ते उचलून भलतीकडं जातं आणि आपला पेशंट हात हलवत घरी. म्हणून पोर्टलवर शून्य अन् खोलीत थोडंफार. तालुक्यातल्या सगळ्याच फार्मासिस्टना, म्हणजे राखीलाही, हे ठाऊक होतं. विचारत कोणी नव्हतं.

… नाई सांगत जी कोणाले. … अवं, मी काय तपासणीवाली हाय का? … एका पोट्टीसाठी. रुचिता, एकोडीची. बारावीत हाय, सोमवारी पहिला पेपर. अन् कॅप्सूल उरल्या तीन. … मागवल्या ना! दोनदा मागवल्या. गाडी वीस तारखेले येईन म्हणते. … नाई जमत ताई. दिवाळीत अशाच बारा दिवस भेटल्या नाई, तर आठ दिवस दवाखान्यात होती. रक्त चढवलं. हाडं दुखते म्हणून रातभर रडे. … आता पेपर लिहीन का पलंगावर लोळन? … तिची माय इथंच बसली हाय, बाकड्यावर. सकाळच्या गाडीनं आली.

… सत्यभामाबाई, बसा जी, बसा. होऊन राहिलं.

… नाई, तुम्हाले नाई, तिले म्हटलं. … ओआरएस? देते ना. दोन डबे. … खोकल्याचं औषध? ते तर माझ्याकडंच… बरं, वीस बाटल्या. … कॅल्शियमही? ताई, तुम्ही काय बाजारात बसल्या का? … बरं बाप्पा, घ्या. एक आख्खं खोकं घ्या कॅल्शियमचं. आता तरी सांगा. … हाय? … दोनशे! ताई, तुमच्या पाया पडते. … कुठी? … कायच्या खोक्यात?

राखी इतकी हसली की तिला गज धरावा लागला.

… निरोधच्या! काय डोकं हाय जी तुमचं! … खाली कॅप्सूल, वरून पाकिटं. … हो ना, तपासणीवाला त्यात हात घालतेच कायले! लाजते, हो, हो. … बरं, काढून ठेवा. आमच्या शिपायाले, डोमाभाऊले, मोटारसायकलनं पाठवते. … हो, धरते ना, पाहा तुम्ही.

फोनमधून खोकी सरकवल्याचा आवाज येत राहिला. बाहेर बाकड्यावर सत्यभामाबाई डोळ्यात प्राण आणून खिडकीकडं पाहत होत्या. पदराच्या गाठीत त्यांनी रिकामी शिशी बांधून आणली होती, नाव चुकू नये म्हणून.

… हॅलो? … नाई? नाई म्हणजे? … रॅकखाली पाहिलं? … कपाटावर? … अतुलले विचारा ना. … काय म्हणते तो? … तुम्ही लग्नाले गेल्या तेव्हा? … देऊन टाकलं? … अवं, त्याच्यावर ओरडू नोका, त्याले काय माहीत! लॅबवाला माणूस, तुमच्या जागी दोन दिवस बसला. आधी विचारा, कोणाले दिलं. … लसीच्या गाडीत. … गुरुवारी. … कोणत्या केंद्रात? … आठवत नाई? … फोनवर बाई होती? अवं, बाया तर गंजच हाय तालुक्यात! … खूण? काही खूण केली होती का तुम्ही खोक्यावर? … काय? … परत सांगा. … हिरवी सुतळी.

राखीनं हळूच खाली पाहिलं.

मागच्या गुरुवारी फोन केला होता तो तिनंच. तपासणी यायची होती आणि निरोधचा रॅक रिकामा. खोकं आलं, तपासणी आली नाही. आठ दिवसांत एकाही माणसानं मागितलं नाही, म्हणून खोकं उघडलंही नाही. उंचीला मात्र ते अगदी बरोबर निघालं.

… ताई. … नाई, काई झालं नाई. … ताई, कॅप्सूल शिशीत हाय का पाकिटात? … प्लास्टिकच्या शिश्या. मजबूत हाय ना? … काहून म्हणजे, असंच. … नाई जी, वजनाचं कुठं बोलली मी! … अतुलभाऊले रडवू नोका. खोकं सापडलं. … कुठी म्हणजे… थांबा, उतरते अन् सांगत—

पाय जमिनीला लागले आणि फोन कटला.

सुतळी तिनं दातानंच तोडली. वर पाकिटं, त्याखाली पाकिटं, बसून बसून चपटी झालेली. तळाशी दोन पांढऱ्या शिश्या. एकीचं झाकण दबलं होतं. राखीनं ती कानाशी हलवली, उघडून आत पाहिलं. सगळ्या धड होत्या. तारीखही पुढच्या सालातली.

“सत्यभामाबाई, या जी. रोज एक, तशीच. अन् रुचिताले म्हणा, पेपर झाला की मले येऊन सांगजो.”

बाईंनी शिशी रिकाम्या शिशीशेजारी पदरात बांधली, दोन गाठी मारल्या, आणि बसच्या दिशेनं जवळजवळ पळत सुटल्या.

तिकडं वच्छलाताई हॅलो हॅलो करत असणार आणि मधल्या मधे अतुल शिव्या खात असणार. त्याला सोडवायचं तर फोन हवा, फोनला रेंज हवी, रेंजला उंची हवी. आणि उंची तर राखीनं आत्ताच फोडून ठेवली होती. तिनं खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात कॅल्शियमचं खोकं होतं. ते ओढत तिनं खिडकीखाली आणलं.

आधी उघडून तळापर्यंत हात घालून पाहिलं. मग चढली.